लॉगिनचं काम चौघांत वाटलंय, कोड लिहायच्या आधी काय काय ठरवून घ्यावं?

उंबरठा

आमच्या वेब ॲपमध्ये आता यूजर लॉगिन आणायचं आहे. आम्ही चौघं आहोत. एकजण फ्रंटएंडला, दोघं बॅकएंडला आणि एकजण सर्व्हर-डिप्लॉयमेंट बघतो. पहिल्याच मीटिंगमध्ये नेहमीसारखी वाटणी झाली: फॉर्म तुझा, एपीआय (फ्रंटएंडच्या रिक्वेस्टना उत्तर देणारा भाग) तुझा, यूजर टेबल माझं, मेल पाठवणं त्याचं. कामं सुटसुटीत वाटली गेली खरी, पण मला ही पद्धत पटलेली नाही. म्हणून इथे विचारतोय.

माझं म्हणणं असं की लॉगिनमधली भोकं सहसा एका माणसाच्या कोडात सापडत नाहीत, दोघांच्या कामाच्या सांध्यात सापडतात. चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा घ्या. फॉर्म करणारा धरून चालतो की ती एपीआयमध्ये असेल. एपीआय लिहिणारा धरून चालतो की ती प्रॉक्सीवर (ॲपच्या पुढे बसून रिक्वेस्ट आत सोडणाऱ्या सर्व्हरवर) लागलेली आहे. प्रॉक्सी बघणाऱ्याला तसं कुणी सांगितलेलंच नसतं. तिघांचे पीआर (तपासायला दिलेले कोडमधले बदल) वेगवेगळे वाचले तर कशातच खोट दिसत नाही, आणि तरी बाहेरचा कुणीही रात्रभर पासवर्ड चालवून बघू शकतो.

म्हणून मी असं सुचवलंय की आधी रेपोमध्येच, म्हणजे कोड ठेवतो तिथेच, एक कागद लिहायचा. प्रत्येक एंडपॉइंट (एपीआयचा एकेक पत्ता) यशस्वी झाला तर काय परत करेल, फसला तर काय करेल, आणि त्या ओळीचा मालक कोण. मालक एकच, "आपण सगळे" असं लिहायचं नाही. साइनअप, लॉगिन, लॉगआउट, पासवर्ड रीसेट, ईमेल पडताळणी एवढं झालंय. यात काय सुटतंय ते सांगा. शिवाय सेशन (लॉगिनची नोंद सर्व्हरवर) की जेडब्ल्यूटी (सही केलेलं टोकन यूजरच्या हातात) यावर टीममध्ये दोन तट पडलेत, त्यावरही मतं हवीत.

कुलूपकिल्ली

आधी एक विचारते. यातलं किती तुम्ही स्वतः लिहिणार आहात? जँगो, लाराव्हेल, रेल्स, एएसपी डॉट नेट, या सगळ्या फ्रेमवर्कमध्ये (वेब ॲपच्या तयार सांगाड्यांत) हे बऱ्यापैकी तयार मिळतं. जँगोचं लॉगिन फंक्शन यूजर आत आला की सेशनची किल्ली आपोआप बदलतं. हाताने लिहिणारे नेमकं तेच विसरतात, आणि मग हल्लेखोराने आधी चिकटवलेला सेशन आयडी लॉगिननंतरही चालू राहतो. गाभा फ्रेमवर्कचाच ठेवा आणि तुमचा कागद त्याच्या भोवतीच्या गोष्टींसाठी वापरा.

उंबरठा

@कुलूपकिल्ली, गाभा फ्रेमवर्कचाच आहे. पण फ्रंटएंड वेगळं ॲप असल्यामुळे त्याची तयार पानं वापरता येत नाहीत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जुनाजाणता

सेशन की जेडब्ल्यूटी यावर सविस्तर लिहितो, कारण यात वेळ फार वाया जातो.

जेडब्ल्यूटीचं मानक, आरएफसी 7519, 2015 चं. त्याची खुबी अशी की सही तपासली की टोकन खरं आहे हे कळतं, डेटाबेसला विचारावं लागत नाही. एका सेवेने दिलेलं टोकन दहा वेगळ्या सेवांनी तपासायचं असेल तर हे फार कामाचं आहे. पण तुमचं एक फ्रंटएंड, एक बॅकएंड आणि एक डेटाबेस आहे. प्रत्येक रिक्वेस्टला तुम्ही तसेही यूजरची माहिती डेटाबेसमधून काढणारच. मग वाचलं काय?

उलट अडचण मोठी येते ती टोकन रद्द करताना. यूजरने लॉगआउट केलं, पासवर्ड बदलला, ॲडमिनने खातं बंद केलं, तरी हातात असलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं. यावर नेहमीचं उत्तर म्हणजे ॲक्सेस टोकन (प्रत्येक रिक्वेस्टसोबत जाणारं) 15 मिनिटांचं ठेवा आणि रिफ्रेश टोकन (नवं ॲक्सेस टोकन मिळवून देणारं) लांब मुदतीचं. ते रद्द करता यावं म्हणून रिफ्रेश टोकनांची नोंद डेटाबेसमध्ये ठेवावी लागते. म्हणजे सेशनचं टेबल आलंच, फक्त वर आणखी एक थर चढला.

आता तुमच्या सांध्याच्या मुद्द्याला धरून एक गोष्ट. रिफ्रेश टोकन प्रत्येक वापरात बदलावं आणि जुनं पुन्हा आलं तर चोरी समजून सगळं रद्द करावं, ही चांगली पद्धत आहे. बॅकएंडवाला ती नीट लिहितो. फ्रंटएंडवालाही नीट लिहितो: 401 ("लॉगिन ग्राह्य नाही" असं सर्व्हरचं उत्तर) आला की रिफ्रेश करा. मग यूजर ॲप दोन टॅबमध्ये उघडतो. दोन्ही टॅबना एकाच वेळी 401 मिळतो, दोन्ही तेच रिफ्रेश टोकन पाठवतात. पहिल्याला नवीन मिळतं, दुसरा जुनं टोकन वापरणारा चोर ठरतो आणि यूजर दोन्हीकडून बाहेर फेकला जातो. एका माणसाच्या लॅपटॉपवर, एका टॅबमध्ये हे कधीच दिसत नाही. टॅबमध्ये कुलूप लावून एकालाच रिफ्रेश करू द्यायचं, की सर्व्हरने जुन्या टोकनाला काही सेकंदांची सवलत द्यायची, हे दोघांनी बसून ठरवावं लागतं.

माझा सल्ला: साधं सर्व्हर-सेशन, कुकीमध्ये लांबलचक रँडम आयडी, डेटाबेसमध्ये त्या आयडीचा हॅश (ज्यावरून मूळ परत काढता येत नाही असा ठसा). बास.

शंकासुर

जुनाजाणता, मुद्दा पटला, पण उद्या मोबाइल ॲप आलं तर? तिथे कुकी कुठे?

जुनाजाणता

मोबाइल ॲपलाही तोच रँडम आयडी ऑथरायझेशन हेडरमधून (रिक्वेस्टच्या माथ्यावरच्या माहितीतून) पाठवता येतो. टोकन म्हटलं की ते जेडब्ल्यूटीच असलं पाहिजे असं नाही. सर्व्हरने हेडर किंवा कुकी, दोन्हींतून वाचायचं आणि एकाच टेबलात शोधायचं.

पडद्यापुढे

मी फ्रंटएंडची, त्यामुळे कुकीची बाजू मांडते. टोकन लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठ्यात) ठेवलं तर पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट ते वाचू शकते. एखाद्या पॅकेजमधून वाईट कोड आला तरी पुरे. एचटीटीपीओन्ली कुकी स्क्रिप्टला वाचताच येत नाही. घुसलेली स्क्रिप्ट यूजरच्या नावाने रिक्वेस्ट मात्र पाठवू शकते, म्हणजे धोका संपत नाही. पण सेशन उचलून घरी नेता येत नाही, हा फरक मोठा आहे.

कागदावर लिहाच अशी बाब म्हणजे डोमेन. फ्रंटएंड आणि एपीआय एकाच मूळ डोमेनच्या दोन सबडोमेनवर असतील तर ब्राउझरच्या लेखी ती एकच साइट असते, ओरिजिन (सबडोमेनसकट पूर्ण पत्ता) मात्र वेगळं. सेमसाइट लॅक्स (परक्या साइटवरून सहसा न जाणारी) कुकी तिथे जाते, फक्त कॉर्स (दुसऱ्या ओरिजिनला एपीआय वापरू देण्याचे नियम) नीट लावावं लागतं. क्रेडेन्शियल (कुकी वगैरे) पाठवायचे असतील तर परवानगीच्या हेडरमध्ये तारांकन चालत नाही, ओरिजिन स्पष्ट लिहावं लागतं. बॅकएंडवाले अनेकदा इथे कंटाळून "जो ओरिजिन येईल तोच परत पाठव" असं करून टाकतात. काम चालू होतं, आणि जगातल्या कुठल्याही साइटला दार उघडं मिळतं. असा पीआर मी कधीही मंजूर करणार नाही.

आणि दोन्ही पूर्ण वेगळ्या डोमेनवर असतील तर विषयच वेगळा. ती थर्ड पार्टी कुकी ठरते आणि सफारी 2020 पासून अशा कुकी सरसकट अडवतं. डेव्हलपमेंटमध्ये सगळं लोकलहोस्टवर चालतं म्हणून हे लपून राहतं. म्हणून डोमेन कुठलं हे सर्व्हरवाल्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

नवीन_भिडू

सेमसाइट लॅक्स लावलं की सीएसआरएफचं (परक्या साइटने यूजरच्या नावाने रिक्वेस्ट पाठवू नये म्हणूनचं) टोकन लागत नाही ना? आमच्याकडे असं सांगितलं जातं.

कुलूपकिल्ली

@नवीन_भिडू, बरंचसं संरक्षण मिळतं, पूर्ण नाही. लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टला (माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टला) जात नाही, पण लिंकवर क्लिक करून आलेल्या गेटला (नुसतं पान मागणाऱ्या रिक्वेस्टला) जाते. तुमच्या ॲपमध्ये गेट रिक्वेस्टने काही बदलत असेल तर ते उघडंच राहिलं. शिवाय सबडोमेनपैकी एखादं दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तर तेही "तीच साइट" धरलं जातं. फ्रेमवर्कमध्ये सीएसआरएफ तपासणी चालूच असते, ती बंद करू नका. लॉगआउटही पोस्टच ठेवा. गेट ठेवलं तर कुणीही आपल्या पानावर तुमची लॉगआउट लिंक टाकून ठेवेल, आणि तिच्यावर क्लिक करणारा यूजर बाहेर पडेल.

तळघर

सर्व्हर बघणाऱ्यांतला एक. पासवर्ड हॅशिंग "बॅकएंडचं काम" म्हणून सोडलं जातं, पण त्यात आमचाही वाटा असतो.

आज नवीन कामासाठी आर्गॉन2आयडी घ्यावा. पासवर्ड हॅशिंगची जी खुली स्पर्धा झाली ती 2015 मध्ये आर्गॉन2 ने जिंकली, आणि 2021 मध्ये त्याचा आरएफसी 9106 आला. ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या शिफारशीत किमान मेमरी 19 मेबीबाइट, 2 फेऱ्या आणि समांतरता 1, असा एक पर्याय आहे. आता हिशोब करा. एकाच क्षणी शंभर जण लॉगिन करू लागले तर नुसत्या हॅशिंगला सुमारे दोन जीबी लागतील. कंटेनरला (ॲप चालतं त्या बंदिस्त खोक्याला) 512 एमबीची मर्यादा दिलेली असेल तर तो मरणार. कोड लिहिणाऱ्याच्या मशीनवर हे दिसत नाही आणि मला कुणी सांगितलेलं नसतं. एका वेळी किती हॅशिंग चालू द्यायचं आणि बाकीच्यांना रांगेत कसं ठेवायचं, हे कागदावर तुमच्या सर्व्हरवाल्याच्या नावाने लिहा. मी असतो तर आनंदाने घेतलं असतं.

जुनाजाणता

@तळघर, उत्तम मुद्दा. याला जोडून बीक्रिप्ट या जुन्या हॅशिंग पद्धतीबद्दल. 1999 पासून आहे आणि अजूनही चालण्याजोगा आहे, पण तो पासवर्डचे पहिले 72 बाइटच बघतो. त्यापुढचं काही लायब्रऱ्या गुपचूप कापतात, काही एरर देतात. इंग्रजी अक्षरांना 72 बाइट पुष्कळ आहेत. देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतो, म्हणजे 24 कोडपॉइंटांनंतर सगळं गळालं. काना-मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात, त्यामुळे चार-पाच शब्दांचं वाक्य पासवर्ड म्हणून घेतलं तर त्याचा शेवट तपासलाच जात नाही.

आणि युनिकोडचं एकरूपीकरण. 'तऱ्हा'मधला ऱ एका कीबोर्डवरून एकच कोडपॉइंट म्हणून येतो, दुसऱ्यावरून र आणि खालचा नुक्ता असे दोन. डोळ्याला फरक नाही, हॅश मात्र पूर्ण वेगळा. फोनवर साइनअप केलेला यूजर लॅपटॉपवर अडकतो आणि "माझा पासवर्ड बरोबर आहे" म्हणून ओरडतो, तेव्हा तो खरंच बरोबर असतो. हॅश करण्याआधी एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकच रूप) लावलं की हे दोन एक होतात. पण ते एकाच ठिकाणी, सर्व्हरवर लावा. फ्रंटएंडने पासवर्डला हातही लावू नये. कडेची स्पेससुद्धा छाटू नये.

पडद्यापुढे

हे ठाऊक नव्हतं, आजच टेस्टमध्ये टाकते.

फ्रंटएंडने पासवर्डला हात लावू नये याला माझा पूर्ण पाठिंबा. पेस्ट बंद करणारे फॉर्म तर बंदच व्हायला हवेत. लोक पासवर्ड मॅनेजर वापरतात, त्यांची वाट अडवून सुरक्षा कमीच होते. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पेस्ट करू द्या, एक कॅपिटल-एक आकडा-एक चिन्ह असली सक्ती करू नका आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असंच सांगितलंय. 2025 च्या सुधारित आवृत्तीत फक्त पासवर्डवर लॉगिन असेल तर किमान लांबी 15 अक्षरं केली आहे. ऑटोकंप्लीटची मूल्यं नीट द्या: लॉगिनला चालू पासवर्ड, साइनअपला आणि रीसेटला नवीन पासवर्ड, ही दोन वेगळी मूल्यं आहेत. एका शब्दाच्या फरकाने पासवर्ड मॅनेजर जुनाच पासवर्ड पुढे करतो.

शंकासुर

एरर मेसेजबद्दल कुणी बोललं नाही. "हा ईमेल नोंदलेला नाही" असं सांगितलं तर यूजरला मदत होते. ते लपवून यूजरला त्रास का द्यायचा?

कुलूपकिल्ली

कारण त्याच मेसेजवरून कुणीही लाखभर ईमेलची यादी लावून तुमच्याकडे कोणाकोणाची खाती आहेत ते काढू शकतो. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड मग फक्त त्या खात्यांवर चालवून बघायचे, एवढंच काम उरतं. आरोग्य किंवा कर्जासारखा विषय असेल तर खातं असणं हीच खासगी गोष्ट असते.

"ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे" हा मेसेज सगळे लिहितात. पण तीन जागा निसटतात. पहिली वेळेची: ईमेल सापडला नाही तर कोड लगेच परततो, सापडला तर हॅश तपासायला शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात. घड्याळ लावून बसणाऱ्याला तेवढं पुरतं. म्हणून ईमेल नसेल तरी एका खोट्या हॅशवर तपासणी चालवायची. दुसरी पासवर्ड रीसेटची: तिथे दोन्ही वेळी उत्तर एकच हवं, "खातं असेल तर मेल पाठवली आहे". मेल पाठवणं मागच्या रांगेत टाका, नाहीतर तिथेही वेळ बोलते. तिसरी साइनअपची, आणि ही सगळ्यांत जास्त सुटते. लॉगिन करणारा वेगळा, साइनअप करणारा वेगळा. एकाने दार लावलं, दुसऱ्याने "हा ईमेल आधीच नोंदलेला आहे" म्हणून खिडकी उघडी ठेवली.

साइनअपला "मेल तपासा" एवढंच दाखवा. खातं नसेल तर पडताळणीची लिंक जाईल, असेल तर "तुमचं खातं आधीच आहे, लॉगिन करा" अशी मेल जाईल. खऱ्या मालकाला मदत मिळते, परक्याला काही कळत नाही.

शंकासुर

हं, हे पटलं. मदत करायची पण मेलमधून.

तळघर

प्रयत्नांच्या मर्यादेबद्दल थोडक्यात. फक्त आयपीवर लावली तर एका ऑफिसातले सगळे एकाच आयपीमागे असल्यामुळे एकाच्या चुकांपायी सगळे अडकतात, आणि हल्लेखोर हजार आयपी वापरून सुटतो. फक्त खात्यावर लावून पाच चुकांनंतर खातं बंद केलं तर कुणीही मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून दुसऱ्याला बाहेर ठेवू शकतो. दोन्ही मोजा, आणि कुलूप लावण्यापेक्षा वाट बघायला लावा. ॲपला यूजरचा खरा आयपी प्रॉक्सीच्या हेडरमधून मिळतो. तो हेडर फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आलेला असेल तरच मानायचा, नाहीतर बाहेरचा माणूस दर रिक्वेस्टला नवा आयपी लिहून पाठवेल.

फुटलेले पासवर्ड साइनअपलाच नाकारता येतात. हॅव आय बीन पोन्डच्या सेवेला पासवर्डच्या शा-1 हॅशची फक्त पहिली 5 अक्षरं पाठवायची, ती जुळणारी सगळी शेपटं परत देते, आपण आपल्याकडे जुळवून बघायचं. पूर्ण पासवर्ड किंवा पूर्ण हॅश बाहेर जात नाही.

आणि लॉग! 2018 च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या सगळ्या यूजर्सना पासवर्ड बदलायचा विचार करा असं सांगितलं होतं, कारण हॅश होण्याआधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. हॅशिंग त्यांच्याकडे व्यवस्थित होतं, बीक्रिप्ट होतं. तुमच्याकडेही रिक्वेस्टची बॉडी लॉगमध्ये लिहिणारं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेतला कोड) एकजण घालतो, फ्रंटएंडला एरर ट्रॅकर दुसरा बसवतो, आणि पासवर्डची फील्ड गाळायची हे दोघांनाही आपलं काम वाटत नाही. सोपी तपासणी सांगतो: स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) एक विचित्र, दुसरीकडे कुठेही येणार नाही अशी अक्षरमाळ पासवर्ड म्हणून टाका. लॉगिन करा, चुकवा, रीसेट करा, मुद्दाम 500 चा (सर्व्हर कोसळल्याचा) एरर आणा. मग ती अक्षरमाळ सगळ्या लॉगमध्ये, एरर ट्रॅकरमध्ये, डेटाबेसमध्ये शोधा. एकही ठिकाणी सापडता कामा नये.

उंबरठा

@तळघर, ही तपासणी पाइपलाइनमध्येच (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) घालतोय. मालक: आमचा सर्व्हरवाला. आधीच कबूल केलंय त्याने.

रीसेटची ओळ सध्या अशी आहे: रँडम टोकन, डेटाबेसमध्ये त्याचा हॅश, मुदत 30 मिनिटं, एकदाच चालेल. काही राहिलं?

जुनाजाणता

दोन गोष्टी. मेलमधली लिंक बनवताना डोमेन कॉन्फिगमधून घ्या, आलेल्या रिक्वेस्टच्या होस्ट हेडरमधून नको. नाहीतर हल्लेखोर स्वतःचा होस्ट लिहून रीसेट मागेल. मेल खऱ्या यूजरला तुमच्याच पत्त्यावरून जाईल, पण लिंक हल्लेखोराच्या साइटची असेल.

दुसरी: लिंक उघडताक्षणी टोकन खर्च करू नका. बऱ्याच ठिकाणी मेल तपासणारं सॉफ्टवेअर यूजरच्या आधी लिंक उघडून बघतं. मग यूजरने क्लिक केलं की "लिंक वापरून झाली आहे". गेटने फक्त फॉर्म दाखवावा, नवीन पासवर्ड पोस्ट झाला की टोकन संपवावं. त्या पानावर बाहेरच्या स्क्रिप्टही ठेवू नका, पत्त्यात टोकन असतं.

नवीन_भिडू

गूगलने लॉगिन द्यायचं असेल तर यातलं किती वाचतं?

कुलूपकिल्ली

पासवर्ड साठवणं वाचतं, सेशनचं सगळं तसंच राहतं. ओपनआयडी कनेक्ट (अशा लॉगिनचं मानक) वापरा, त्यातल्या स्टेट आणि पीकेसीई या सुरक्षा-तपासण्या दोन्ही ठेवा. खातं जुळवताना ईमेल ही किल्ली धरू नका. ईमेल बदलू शकतो. आयडी टोकनमधली सब ही ओळख कायम असते, ती इश्युअरसोबत (टोकन देणाऱ्याच्या नावासोबत) साठवा. आणि त्याच ईमेलचं पासवर्डवालं खातं आधीच असेल तर आपोआप जोडून टाकू नका. कुणीतरी तुमच्या ईमेलवर पडताळणी न करता आधीच खातं उघडून ठेवलेलं असू शकतं. तुम्ही गूगलने आत येता, खाती जोडली जातात, आणि त्याचा पासवर्डही चालूच राहतो. पडताळणी न झालेल्या खात्याचा पासवर्ड आणि सेशन जोडण्याआधी रद्द झालेच पाहिजेत.

उंबरठा

बराच ऐवज मिळाला. टीमसोबत बसून ठरलेलं इथे टाकतो.

सर्व्हर-सेशन घेतोय, जेडब्ल्यूटी नाही. दोन टॅबचं उदाहरण वाचून दाखवल्यावर वाद मिटला. फ्रंटएंड आणि एपीआय एकाच मूळ डोमेनखाली. आर्गॉन2आयडी, एकाच वेळी किती चालवायचे याची मर्यादा सर्व्हरवाल्याकडे. साइनअपचा मेसेज आणि लॉगिनचा मेसेज एकाच मालकाकडे दिलाय, म्हणजे दार-खिडकीचा प्रकार होणार नाही. कामाची वाटणीही बदलली. फॉर्म-एपीआय-टेबल अशी आडवी न ठेवता, एकाने आख्खं लॉगिन वरपासून खालपर्यंत, दुसऱ्याने आख्खं रीसेट, अशी उभी केली आहे. प्रत्येक पीआरला दुसऱ्या बाजूच्या माणसाचा रिव्ह्यू सक्तीचा.

एकाच ओळीवर अडलोय. पासवर्ड बदलल्यावर बाकीची सगळी सेशन तोडायची हे मान्य आहे. ज्या ब्राउझरवरून बदलला तेही तोडायचं का?

जुनाजाणता

सेटिंगमधून, जुना पासवर्ड देऊन बदलला असेल तर चालू ब्राउझरला नवीन सेशन आयडी द्या आणि आत राहू द्या. रीसेटच्या लिंकवरून बदलला असेल तर सगळी तोडा आणि नव्याने लॉगिन करायला लावा. दोन्ही वेळी नोंदलेल्या ईमेलवर "पासवर्ड बदलला" अशी सूचना जाऊ द्या. सेशन तोडणं पासवर्ड अपडेट होतो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसमध्ये सगळं एकत्र पक्कं, नाहीतर सगळं रद्द) करा, मेल मात्र ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर.

पडद्यापुढे

आणि ज्या टॅबचं सेशन तुटलं त्याला 401 येईल, तेव्हा फॉर्ममध्ये अर्धवट लिहिलेलं पुसू नका. तिथल्या तिथे लॉगिनची खिडकी दाखवा. लॉगिनच्या वेगळ्या पानावर नेणार असाल तर परत कुठे यायचं तो पत्ता आपल्याच साइटचा आहे ना हे सर्व्हरवर तपासा. नुसतं "तिरप्या रेघेने सुरू होतो का" एवढं बघून भागत नाही, दोन रेघांनी सुरू होणारा पत्ता ब्राउझर दुसऱ्या डोमेनवर नेतो.

उंबरठा

दोन्ही ओळी टाकल्या. परतीच्या पत्त्याची मालकी मी घेतली आहे, पीआर उद्या रिव्ह्यूला लावतो.